कंपनीचा माणूस

"विक्रीच्या कागदावर सही करणार नाही," अरिस म्हणाला. आपल्या छोट्या खाणावळीतल्या तव्यावरची अंडी उलटवून त्यानं कंपनीच्या माणसाकडे चक्क पाठ फिरवली.

माणूस स्टुलावर टेकला. काउंटरवरचा पालथा कप त्यानं स्वतःच सुलटा केला, तशी वाढपी लोरेननं त्यात कॉफी ओतली. कंपनी रोज नवा माणूस पाठवायची. आजचा चांगलाच जाडा होता. काळ्या कोटाचं बटण त्याच्या पोटावर कसंबसं तग धरून होतं. अरिसला हल्ली चेहरे धड दिसत नसत, आणि चष्म्याचं नाव काढलं की तो भडकायचा.

"मिस्टर कूवारिस, विचार करा," माणूस नाकात बोलला. "डायनरच्या जागी औषधांचं चकचकीत दुकान होईल. तुम्हालाही आराम."

"आराम थडग्यात करीन."

काउंटरवर हशा पिकला. "अरिस, हटू नकोस!" पोस्टमन अर्ल ओरडला. अर्ल म्हणजे नुसती काठी, पण आवाज खणखणीत.

"अख्ख्या न्यू जर्सीत असले डायनर बंद पडतायत."

"पडू देत! माझा तवा थंड होणार नाही. इथं लोक नुसते खायला येत नाहीत, आपापल्या स्टुलावर बसायला येतात. तुझ्या साहेबाला सांग, अरिस जिवंत आहे तोवर इथला एक खिळाही मिळणार नाही. आणि अंडी खा, गार होतायत."

माणसानं अंडी चाटूनपुसून खाल्ली. उठताना बटण तुटून टणकन काउंटरवर पडलं. तो पोट सावरत घाईघाईनं बाहेर गेला. अरिसनं बटण खिशात टाकलं. म्हाताऱ्याची पाठ आता ताठ झाली होती.

गेल्या हिवाळ्यात कंपनीचं कुणी फिरकेनासं झालं, तेव्हा तो पार खचला होता. भांडायलाच कुणी उरलं नाही, आता कुलूप लावतो आणि मुलाकडे फ्लोरिडाला जातो, म्हणायला लागला होता. ते ऐकून गिऱ्हाइकांचे चेहरे उतरले. मग एका सकाळी कंपनीचा माणूस पुन्हा दारात उभा राहिला, आणि अरिसच्या अंगात वारं शिरलं.

थोड्या वेळानं प्लंबर ड्यूक दार ढकलून, आधी पोट आणि मग स्वतः, असा आत आला.

"उशीर झाला आज. आला होता का तो?"

"आला आणि शेपूट घालून गेला. काय खातोस?"

"नुसती कॉफी. भूक नाही."

"बरं," अरिस म्हणाला.

दुपारी गर्दी ओसरली. लोरेनही घरी गेली. अरिस मागच्या कोठीत शिरला. पिठाच्या पोत्यांमागे, मागच्या दाराजवळच्या खिळ्यावर, तोच काळा कोट लटकत होता. त्यानं चष्मा लावला, सुईत दोरा ओवला, खिशातलं बटण काढलं आणि ते चार बोटं आत सरकवून पक्कं शिवलं. उद्या अर्लची पाळी होती.