पंधरा दिवस जू नाही

धर्माजीनं फेटा बांधला, आरशात बघितलं आणि खोकला दाबला. कळंबच्या यात्रेत आज त्याच्या बैलगाड्याची बारी, म्हणजे पळायची पाळी होती. शर्यतीच्या घाटात बैल जुंपताना वीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात त्यानं लागू दिला नव्हता. फ्लूनं चार दिवस अंथरुणात पाडलं म्हणून काय झालं? कालपासून ताप नव्हता.

मंचरच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. रक्तात चरबी आधीच जास्त, त्यात हा फ्लू. ताप उतरला तरी काही दिवस रक्तवाहिन्या सुजलेल्या असतात, गुठळी अडकून हृदयाचा झटका येऊ शकतो. पंधरा दिवस दमायचं नाही आणि चरबीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. धर्माजीनं मान डोलावली आणि घरी येऊन नेमकी तीच गोळी बंद केली. तापाच्या औषधात दुसरं औषध घेतलं की उष्णता होते, हा त्याचा स्वतःचा शोध.

त्याची बायको कुशाबाई दारात आडवी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरची भीती लपत नव्हती.

"डॉक्टर काय म्हनले, इसरलात?"

"मी काय बैल हाय का, सर्दी झाली म्हनून बसून ऱ्हायला?"

"बैल असता तर जपलं असतं तुमी."

धर्माजी हसला आणि तिला वळसा घालून गोठ्यात शिरला.

गेल्या साली भिंगऱ्या बैलाला सर्दी झाली, तेव्हा फायनलची बारी त्यानं सोडून दिली होती. गाव हसलं. ताप गेला तरी काळीज कच्चंच असतं, असं त्यानं सगळ्यांना ठणकावून सांगितलं आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं : भिंगऱ्या, सर्दी, पंधरा दिवस जू नाही.

त्याखाली आज एक नवी ओळ होती. अक्षरं वाकडीतिकडी, साक्षरतेच्या वर्गात गिरवलेली.

धर्माजी, सर्दी, पंधरा दिवस जू नाही.

तो थबकला. लग्नातला उखाणा सोडला, तर तीस वर्षांत कुशाबाईनं त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

त्यानं बैलांचा कासरा मागोमाग आलेल्या मुलाच्या, सूरजच्या हातात दिला. मग फेटा सोडून तो भिंगऱ्याच्या दावणीशी टेकला.

"कुशे, पानी आन. आन ती चरबीची गोळी बी."