लाल ठिपका

"काकू, बाबांच्या चित्राशेजारी लाल ठिपका!" मी गॅलरीतच ओरडले. लाल ठिपका म्हणजे चित्र विकलं गेलं. निवृत्तीनंतर बाबांनी काढलेलं हे पहिलंच चित्र, आमच्या स्वयंपाकघरातली पितळी भांड्यांची मांडणी. काकूने लगेच त्यांच्या तोंडात पेढा कोंबला.

"कोणी घेतलं?" बाबांनी पेढा कसाबसा गिळत विचारलं.

गॅलरीवाल्या बाई गोंधळल्या. "अजून कोणीच नाही."

तेवढ्यात मला पदराने घाम पुसणाऱ्या आईचं मोकळं कपाळ दिसलं. घरी टिकली आरशाला चिकटवते, तशी इथे भिंतीला! बाबांचा चेहरा उतरला. आई ओशाळून टिकली काढायला गेली.

"म्हणजे विकलं नाहीये?" ठिपका बघून निघालेले एक आजोबा दारातूनच लगबगीने परत फिरले. "मग मलाच द्या की!"

बाबांनी आईचा हात धरला.

"राहू दे गं तिथेच."