उपाशी माती

सागाखालची जमीन झाडलेल्या अंगणासारखी मोकळी पडली होती.

दीपमाला बघतच राहिली. मार्चमध्ये तिनं इथं जाळीच्या अठ्ठेचाळीस पिशव्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीत तोलून भरलेली वाळकी पानं. दर महिन्याला सहा उचलायच्या, पानं किती कुजली ते बघायचं आणि खालच्या मातीत जिवाणू किती वाढले ते प्रयोगशाळेत मोजायचं. सप्टेंबरपर्यंत सगळं सुरळीत चाललं. ऑक्टोबरात कॉलेजनं परीक्षेच्या ड्युटीला जुंपलं आणि ती फेरी हुकली. आज, नोव्हेंबरात, वडवणीला एसटीतून उतरून, डोंगर चढून ती आली, तर शेवटच्या बारा पिशव्या गायब. पानंही नाहीत. पानांखालचा काळा, भुसभुशीत थरसुद्धा खरवडून नेलेला. उरला होता नुसता पिवळा मुरूम.

"मामा, हे काय?"

वनमजूर आश्रुबा तंबाखू मळत होता. "कसं लख्ख दिसतंय," तो म्हणाला.

"कुणी केलं हे?"

"कौशल्याबाईनं. आठ दिस पाट्या वाहत हुती."

"आणि तुम्ही बघत बसलात? लक्ष ठेवा म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"मॅडमनीच सांगितलंय, म्हणली ती. मंग मी कावून अडवू?"

"मी सांगितलं?"

आश्रुबानं तंबाखू दाढेखाली धरली. त्याच्यापुरता विषय संपला होता.

दीपमाला तरातरा डोंगर उतरू लागली. इतके महिने तिनं कुणाकुणाला समजावलं नव्हतं? ती जमिनीत गुप्तधन शोधते, असं गुराख्यांना वाटत होतं. प्राचार्यांनी तर भर बैठकीत विचारलं होतं, कचऱ्यावर पीएचडी होते का? या सगळ्यांत एक कौशल्याबाईच तेवढी शहाणी वाटली होती. दर महिन्याला तांब्याभर पाणी घेऊन यायची, शेजारी फतकल मारून बसायची आणि जिवाणूंचं सगळं पुराण मान हलवत ऐकायची. आणि तिनंच घात केला.

कौशल्याबाईचं रान डोंगराच्या पायथ्याशीच होतं. घरचे सगळे ऊसतोडीला तेलगावकडं गेलेले. ती एकटी तुरीत खुरपत होती. बांधावरच्या बोरीला दोरी बांधलेली आणि दोरीवर बारा पिशव्या ओळीनं वाळत घातलेल्या. पांढऱ्याशुभ्र. प्रत्येकीचा पत्र्याचा नंबर उन्हात चकाकत होता.

"आलात व्हय, मॅडम? घ्या तुमच्या पिशव्या. एक बी हरवली न्हाई."

"धुतल्या तुम्ही?" दीपमालाचा आवाज चिरकला.

"साबण लावून. लई चिकट काळं बसलं हुतं. निघता निघंना."

ते चिकट काळं नेण्यासाठीच तर दीपमाला आली होती.

"मावशी, आठ महिन्यांचं काम होतं माझं! एका पानाला हात लावू नका, हे किती वेळा सांगितलं मी?"

"पिशव्यांतल्या पानांला म्हणलता. पाटीत भरताना त्या बी आल्या, ते चुकलं मपलं." कौशल्याबाई उठून उभी राहिली. "पर पानं उचलली की मातीतले जीव उपाशी मरत्यात, हे तुमीच सांगितलं का न्हाई?"

"म्हणजे उचलू नका!"

"थितले मरत्याल चार दिस. थितं झाडं हायती, फागुनात पुना पानं गाळत्याल. मपल्या रानात कोण गाळणार? हितले तर मपल्या सासऱ्याच्या काळापासून उपाशी हायती."

दीपमाला आणखी चिडली. पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना काय सांगायचं? पुन्हा मार्चची वाट बघायची, पुन्हा पानं तोलायची, पुन्हा वर्ष. तिनं दोरीवरच्या पिशव्या ओरबाडल्या. एका पिशवीची जाळी फाटली, तशी कौशल्याबाई चुकचुकली.

"एवढं तोंड पाडू नगा. हिकडं तर या."

ती दीपमालाच्या मनगटाला धरून तुरीच्या ओळीत घेऊन गेली. खाली बसून तिनं हातानं पानांचा थर बाजूला केला. पंधरा दिवसांत पाण्याचा थेंब पडला नव्हता, तरी खाली गारवा होता. कुजलेल्या पानांना पांढरे तंतू फुटले होते आणि ते मातीत शिरले होते. कौशल्याबाईनं मूठभर माती उचलून थेट दीपमालाच्या नाकाशी धरली.

"घ्या वास. आपल्या त्या झाडाखालचाच हाय का न्हाई?"

तोच होता. दीपमालानं मान फिरवली, पण मुठीतली माती स्वतःच्या हातावर घेतली. बोटांनी चुरून पाहिली. मग ओळीच्या शेवटाकडं बघताना तिच्या कपाळाला आठी पडली. थर मधेच संपला होता. पुढं नुसती भेगाळलेली ढेकळं, आणि तिथली तूर टीचभर खुजी. तिनं शेजारची ओळ पाहिली. तीही अर्धीच झाकलेली. त्यापलीकडचीही तशीच.

"पुरली नाहीत का पानं?" तिनं तुटकपणे विचारलं.

"पुरली की. चार पाट्या अजून गोठ्यामागं पडल्यात."

"मग प्रत्येक ओळ अर्धी उघडी का ठेवलीत?"

कौशल्याबाईनं तिच्याकडं जरा अचंब्यानंच पाहिलं. एवढं शिकलेल्या बाईनं हे विचारावं, याचं तिला नवल वाटलं असावं.

"समदीकडं टाकली असती, तर फरक कशात बघायचा, मॅडम?"