दहाची टीम

यंदा रोबोटिक्स स्पर्धेला चारशे शाळा आल्या, म्हणून आयोजकांनी टीममध्ये दहाच मुलं घ्यायची अट घातली. आम्ही अकरा होतो.

"कोणाला वगळायचं? हात वर करून सांगा," सर म्हणाले.

एकही हात वर झाला नाही. मग सरांनी चिठ्ठ्या वाटल्या. दहा चिठ्ठ्यांवर एकच नाव निघालं. रोबोटचा सगळा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता, पण ती बोलताना अडखळायची, आणि परीक्षकांपुढे अडली असती तर आमचे गुण गेले असते. अकरावी चिठ्ठी कोरी होती.

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, रोबोटची बॅटरी तेवढी चार्जिंगला लावली आणि निघून गेली.

स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "प्रोग्रॅम फार सुरेख जमलाय. कोणी लिहिला?"

दहाही हात वर झाले.