साहेबांची नळी

दहा मिनिटं झाली तरी परीक्षानळीतला निळा रंग काही उतरेना. सावळाराम मास्तरांनी नळी उजेडाकडे धरली, हलवली, पुन्हा धरली. निळी ती निळीच.

समोर खुर्चीत तपासणीला आलेले साहेब बसले होते, आणि मास्तरांची नोकरी कायम व्हायची की नाही हे त्यांच्या आजच्या शेऱ्यावर ठरायचं होतं. चौऱ्याहत्तर साली नारपोलीच्या यंत्रमागवस्तीतल्या त्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्यात आठ नळ्या. तरी मास्तरांनी हौसेने आठवीच्या वर्गापुढे लाळेचा प्रयोग मांडला होता. खळीत आयोडिनचा थेंब टाकला की ती निळी होते. त्यात थुंकी मिसळली की लाळेतलं विकर खळीतल्या पिष्टाची साखर करून टाकतं आणि निळा रंग निघून जातो. आपल्या तोंडात असा कारखाना बारा महिने चालू असतो, ना शिफ्ट ना संप, असंही ते ऐटीत सांगून बसले होते.

खरं तर घरची तांदळाची पेज चालली असती. पण साहेबांपुढे पेज काय मांडायची, म्हणून मास्तरांनी शाळेत पाणी भरणाऱ्या धोंडूबाईंकडून सायझिंगची खळ मागवली. लूमवर चढण्याआधी सुताला लावतात ती, पांढरीशुभ्र, गुठळी नावाला नाही. बाईंचा नवरा चिंधू त्याच कामावर होता. आयोडिन बाटलीच्या तळाशी उरलेलं, म्हणून तालीम काही केली नव्हती. त्या काटकसरीबद्दल मास्तर आता मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते.

फसली ती पहिली नळी मॉनिटरची. मग आणखी पाच मुलं पाच नळ्यांत थुंकली आणि मास्तरांनी प्रत्येक नळीवर नावाची चिठ्ठी डकवली. सातव्या नळीत ते स्वतः थुंकायला गेले, तर धास्तीने तोंडाला कोरड. धोंडूबाईंनी कनवटीची चिंच पुढे केली, तेव्हा कुठे चार थेंब निघाले. तेही फुकट गेले.

साहेबांना राहवेना. लाळ घ्यायची पद्धतच चुकतेय, असं त्यांनी वर्गाला बजावलं. आपण बी.एस्सी. आहोत हेही सांगितलं. मग उठून चूळ भरून खिडकीबाहेर टाकली आणि आठव्या नळीत अगदी शास्त्रशुद्ध थुंकले. मास्तरांनी सवयीने चिठ्ठीवर 'साहेब' लिहून ती डकवली. मनगटावरच्या घड्याळात दहा मिनिटं मोजली गेली. साहेबांची नळी बाकीच्यांपेक्षा अंमळ जास्तच निळी दिसत होती, पण तसं बोलायची कोणाची छाती नव्हती.

"ती नाय बदलायची," दारातून धोंडूबाई म्हणाल्या. "आमचे हे बोलले, खळ साळंत चाललीय, नासाया नको. म्हनून मोरचूद दुप्पट टाकलाय त्यांनी. नायतर दोन दिसांत बुरशी धरते, साहेब."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, बुरशीला रोखतो, त्यानेच लाळेतलं विकरही बंद पाडलं होतं. पुस्तकात नव्हतं ते समोर आठ नळ्यांत उभं होतं! क्षणभर त्यांना नोकरीचाही विसर पडला, इतका आनंद झाला. मग खुर्चीकडे लक्ष गेलं. हे आपल्याला ठाऊक नव्हतं, चूक आपलीच, असं त्यांनी सरळ कबूल केलं.

साहेबांनी शेरेबुक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि 'प्रयोग' एवढं लिहिलं.

"एकूण किती नळ्या फसल्या?"

"आठ, साहेब." मास्तरांनी चिठ्ठ्या मोजल्या. "आपली धरून."

पेन तिथेच थांबलं. धोंडूबाई नळ्या धुवायला गोळा करत होत्या. चिठ्ठीवरचं अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण नळी कोणाची ते पक्कं ध्यानात होतं.

"साहेबांची धुवू का ऱ्हाऊ द्यू?" त्यांनी विचारलं. "वर हापिसात दाखवायला लागंल ना?"

"आधी तीच धुवा," साहेब म्हणाले, आणि 'प्रयोग'च्या पुढे त्यांनी घाईघाईने लिहिलं, 'उत्तम. शिक्षकास कायम करावे.'