बुक्याच्या पाठीवरचे फूल

“तुजा लाल रंग दे जरा. आन त्यो फुलाचा पुठ्ठाबी.”

स्वप्नालीचा बाप धुळा पालाच्या कापडी तोंडाशी वाकून उभा होता. स्वप्नालीने दप्तरातून रंगाची बाटली काढली, मग पुठ्ठा काढला. पुठ्ठ्याच्या मधोमध फुलाच्या आकाराचे भोक होते. तो कागदावर ठेवायचा, रंगात बुडवलेला चिंधीचा बोळा वरून टेकवायचा आणि पुठ्ठा अलगद उचलायचा. खाली फूल उमललेले असे. ‘घरच्यांना सोबत घेऊन करा,’ असे कुंडलच्या शाळेतल्या बाईंनी सांगितले होते. पालात कात्री नव्हती, म्हणून धुळाने लोकर कातरायच्या कातरीनेच पुठ्ठा कापला होता. एक पाकळी आखूड झाली. “ऱ्हाऊ दे, मेंढरानं खाल्ली म्हन बाईस्नी,” असे म्हणून तो बराच वेळ एकटाच हसला होता.

आज तो हसत नव्हता.

“कशाला पायजे, आबा?”

“खूण कराया. गुंडाशेठ आलाय.”

स्वप्नालीने बाटली घट्ट धरली. गेल्या साली कोकरे विकत घेणाऱ्या या गुंडाने स्वतःच्या गेरूने खुणा केल्या होत्या. खूण झालेली कोकरे त्याच दुपारी टेम्पोत चढली. त्यांत तिचे तांबूळ नावाचे कोकरू होते. ती रडली होती, टेम्पोच्या मागे धावली होती; धूळ खाली बसल्यावर रस्ता पूर्वीसारखाच मोकळा दिसला होता.

“आबा, बुक्याला न्हाई ना?”

धुळाने तिच्या हातातून बाटली सोडवून घेतली. “पयली खूण त्येलाच,” तो म्हणाला आणि वळला.

बुक्या ऊसतोडीच्या वेळी जन्मला होता, तोही अशक्त. कपाळावर बुक्का लावावा तसा काळा ठिपका होता. आईच्या सडाला तो लागेना, तेव्हा स्वप्नालीने त्याला बोटाने दूध चाटवून जगवले होते. आता कोंडवाड्यासारख्या वाघरीच्या जाळीआड, इतर कोकरांच्या गर्दीत, तो मान उंचावून तिलाच शोधत होता.

ती पालाआडून पाहत राहिली. गुंडा आणि धुळा वाघरीत फिरत होते. धुळाने बुक्याला दोन गुडघ्यांत धरले, पाठीवर पुठ्ठा टेकवला.

“आरं, ह्यो बारका?” गुंडा म्हणाला. “ह्येच्या अंगावर हाय काय, लेका?”

“असू द्या. ठरल्यात त्यो हाय म्हंजी हाय.”

“बाकीची चार मातुर चांगली हेरलीस गड्या!”

“मेंढरातच जल्म गेलाय, शेठ.”

पाच कोकरांच्या पाठीवर पाच फुले उमटली. गुंडा मोटारसायकलवरून निघून गेला. धुळाने मोठी मेंढरे हाकली आणि जाता जाता बायकोला, रंगुबाईला, सांगितले, “म्या म्होरं पलूसच्या अंगाला जातो. शेठ टेम्पो घिऊन यील. त्येला समदं समजावलंय. खूण बगूनच चढवनार त्यो.”

“बरं,” रंगुबाई म्हणाली. तिने धुण्याचे गाठोडे डोक्यावर घेतले. “सपने, साळंला उशीर करू नगंस.”

ती कालव्याकडे दिसेनाशी झाली आणि तळावर फक्त वारा उरला.

स्वप्नाली ओली चिंधी घेऊन वाघरीत शिरली. बुक्या धावत आला. तिने फूल पुसून पाहिले. ते पुसले गेले नाही, पसरले. लोकरीत रंग खोल मुरला होता. तिने पुन्हा घासले. चिंधी लाल झाली, बोटे लाल झाली, फूल तसेच राहिले.

मग तिने कातर आणली.

ती कातर तिच्या एका हातात मावत नव्हती. दोन्ही हातांनी दाबून तिने लोकरीची लाल टोके कापायला घेतली. बुक्या हलला नाही. पाते कातडीला लागू नये म्हणून ती एकेक झुबका वर ओढून कापत होती, आणि बुक्या मात्र तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून निवांत उभा होता. लाल लोकर तिने मुठीत गोळा केली आणि दप्तराच्या तळाशी दडवली.

आता खुणा चारच उरल्या होत्या. चार दिसल्या की शेठ पाचवी शोधणार.

आबाने वाघरीपाशीच ठेवलेला पुठ्ठा आणि रंग तिने उचलला. कोणते? ती प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहत गेली आणि प्रत्येकाने तिच्याकडे पाहिले. अखेर कोपऱ्यात जाळी चघळत उभे असलेले एक कोकरू तिने धरले. त्याला नाव नव्हते. नाव असते तर तिला ते जमले नसते.

बोळा टेकवताना ते हलले, फूल जरासे पसरले. त्या कोकराने तिच्या मनगटावरचा ओला रंग चाटून पाहिला.

दूर टेम्पोचा हॉर्न वाजला. स्वप्नालीने पुठ्ठा दप्तरात टाकला, दप्तर उचलले आणि मागे न पाहता बांधावरून शाळेकडे पळत सुटली.

शाळेत बाईंनी सर्वांना मोठा कागद दिला. प्रत्येकाने त्यावर आपापले फूल उठवायचे होते. “स्वप्नाली, तुझं लाल होतं ना?” बाईंनी विचारले. तिने मान हलवली आणि निळी बाटली पुढे ओढली.

ती परतली तेव्हा ऊन कलले होते. रंगुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती.

“टेम्पो गेला?” स्वप्नालीने दुरूनच विचारले.

“गेला की कवाच. म्या कालव्यावरच व्हते.”

“आन… बुक्या?”

रंगुबाईने तव्यावरून नजर काढली नाही, पण ती हसली. “त्यो कसा जाईल गं? तुज्या आबानं तुला सांगितलं न्हाई व्हय? जा, वाट बगत आसंल वाघरीत.”

स्वप्नालीच्या हातून दप्तर गळून पडले. ती धावली, पायांत ढेकळे आली, चप्पल मागे राहिली, तिला हसू आवरत नव्हते. जाळीला धरून ती वर झाली आणि आत पाहिले.

आत पाचच कोकरे उरली होती; बिनखुणेची सगळी गेली होती. सर्वांत पुढे, जाळी चघळत, ते बिननावाचे उभे होते. आणि पाचांच्याही पाठीवर, एक पाकळी आखूड असलेले, लाल फूल होते.