दोनशे शेतकऱ्यांचा पेपर

खुल्या विज्ञानाच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात प्राध्यापक हेमराज सर पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आता नुसता शोधनिबंध छापून भागणार नाही. त्यासाठी लोकांकडून भरून घेतलेले फॉर्मसुद्धा नावं झाकून वेबसाइटवर टाकायचे. जुन्या पेपरांचेही. आठ दिवसांत!"

सरांची मान तिथेच थांबली. 'एकोडीचा तलाव आणि दोनशे धान उत्पादक' या पेपरवर त्यांना गेल्याच वर्षी बढती मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर साकोलीहून मोटरसायकलनं एकोडीत हजर. बॅगेत दोनशे कोरे फॉर्म. पहिलंच घर कुंताबाईंचं लागलं. त्या धान रोवायला निघाल्या होत्या, तरी मास्तर माणूस दारात आला म्हणून थांबल्या.

"काकू, तलावाचं पाणी तुमच्या धानाले शेवटपर्यंत पुरते का?"

"कुठं पुरते जी? दसऱ्याच्या आंधीच तलाव आटते."

सरांचा पेन हवेतच राहिला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"'पुरते' म्हणा ना, काकू. मांगच्या साली तसंच छापून आलं आहे."

कुंताबाईंनी कोऱ्या फॉर्मकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं आणि पदर कमरेला खोचला.



"मंग तवा ज्यानं 'पुरते' म्हणलं, त्यालेच जाऊन इचारा ना जी!"